क्लच नवा, तेलाचा डाग नवा : सातारा–कास रस्त्यावरच्या एका गाडीचं प्रकरण

सरांनी मोबाईलवर दाखवलेला फोटो त्यांच्या घरच्या पार्किंगचा होता. दिवाळीत बसवलेले पेव्हिंग ब्लॉक, त्यावर वाटीएवढा तेलकट डाग आणि शेजारी दोन लहान. "साडेअकरा हजार मोजले क्लचला. वर हे. घरातनं रोज ऐकून घ्यावं लागतंय, मिस्त्री."

गाडी २०१३ सालची डिझेल हॅचबॅक. इंजिन ते १२४८ सीसीचं, एकेकाळी मारुती, टाटा आणि फियाट अशा तिघांच्याही गाड्यांत बसणारं. १ एप्रिल २०२० पासून धुराबाबतचा कडक नियम बीएस-६ लागू झाला आणि मारुतीनं डिझेलच सोडलं, पण साताऱ्यात ही इंजिनं अजून ढिगानं पळताहेत. सरांची गाडी यातल्या कोणत्या कंपनीची ते लिहीत नाही, कारण दोष गाडीचा नव्हता. ज्या गॅरेजमध्ये क्लच झाला त्याचंही नाव लिहिणार नाही. त्या मिस्त्रीशी पुढे बोलणं झालं, ते शेवटी येईल.

सर शाहूपुरीत राहतात, शाळा कास रस्त्यावरच्या एका गावात. म्हणजे रोज सकाळी यवतेश्वरचा घाट चढायचा आणि दुपारी उतरायचा. सातारा समुद्रसपाटीपासून सातशे मीटरच्या वर, कासचं पठार बाराशेच्या आसपास. पंचवीसेक किलोमीटरमध्ये साडेचारशे-पाचशे मीटरचा चढ, त्यात सप्टेंबर-ऑक्टोबरला फुलं बघायला येणाऱ्यांच्या गाड्यांमागे अर्ध्या क्लचवर थांबत थांबत जायचं. १ लाख ३८ हजार किलोमीटरला क्लच प्लेट संपली यात नवल काहीच नाही. उलट इतकी टिकली कशी, हेच मला नवल.

क्लच फेब्रुवारीच्या शेवटी झाला. पहिला डाग वहिनींना चौथ्या-पाचव्या दिवशी दिसला. सर त्याच गॅरेजला परत गेले. त्यांनी गाडी खालून बघितली आणि सांगितलं, "इनपुट शाफ्टचं सील नवीनच खराब निघालं असणार. गिअरबॉक्स परत खाली घ्यावा लागेल. सीलचे पैसे द्या, मजुरी निम्मी घेतो." सील म्हणजे फिरत्या दांड्याभोवती तेल अडवणारी रबरी कडी, आणि इनपुट शाफ्ट म्हणजे इंजिनाची फिरकी गिअरबॉक्समध्ये नेणारा दांडा. सरांना ते पटेना. मग एमआयडीसीतल्या दुसऱ्या एकानं बघितलं, तो म्हणाला क्रँकचं, म्हणजे इंजिनाच्या मुख्य दांड्याचं, मागचं सील गेलंय. त्यालाही गिअरबॉक्स खालीच घ्यावा लागणार होता, फक्त सील वेगळं. दोन वैद्य, दोन रोग, ऑपरेशन एकच. तिसरा मी.

गाडी जॅकवर घ्यायच्या आधी मी बिल मागितलं. सरांनी ते व्यवस्थित जपून ठेवलं होतं, मास्तरांचं एक बरं असतं. क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग, गिअर ऑइल २.५ लिटर, मजुरी. बस्स. दोन्ही बाजूंच्या एक्सल सीलचा (एक्सल म्हणजे गिअरबॉक्समधून चाकाकडे जाणारा दांडा) उल्लेख नव्हता, इनपुट सीलचाही नव्हता. म्हणजे "नवीनच खराब निघालं" असं ज्या सीलबद्दल सांगितलं ते बिलाप्रमाणे बदललेलंच नव्हतं. हे मी सरांना तेव्हा बोललो नाही. आधी गाडी बघायची, मग माणसं.

मग विचारलं, "डाग रोज पडतो का?"

"रोज नाही. रविवारी नाही पडत."

"रविवारी गाडी काढता का?"

"काढतो की. मंडईत, राजवाड्यावर. मागच्या रविवारी तर कोरेगावला जाऊन आलो."

हे वाक्य मी ऐकलं आणि सोडून दिलं. त्यातच सगळं होतं. कोरेगावला जाऊन येऊन थेंब नाही आणि कासकडे जाऊन आलं की डाग, हे गिऱ्हाईक स्वतःच्या तोंडानं सांगत होतं आणि मी मनात सील मोजत होतो.

गळणारं काय आहे ते आधी ठरवलं, कारण गाडीखाली ओल दिसली की लोक सरसकट "ऑइल" म्हणतात. रात्री गाडीखाली फ्रिजच्या खोक्याचा पांढरा पुठ्ठा टाकून ठेवायला सांगितला आणि पुढच्या चाकांच्या जागा त्यावर पेननं आखून घ्यायला लावल्या. पुठ्ठा सकाळी गॅरेजला आला. थेंब सहा, सगळे डाव्या चाकाच्या जरा आत आणि मागे. रंग मधासारखा, किंचित हिरवट झाक. बोटाला लावून हुंगलं तर गंधकाचा तो उग्र वास, सडक्या लसणासारखा. गिअर ऑइलचा वास एकदा नाकात बसला की जन्मभर विसरत नाही. दात एकमेकांवर घासताना झिजू नयेत म्हणून त्यात गंधकाची संयुगं घातलेली असतात, हा वास त्यांचा.

इथेच एमआयडीसीवाल्याचं क्रँक सील बाद झालं. डिझेल गाडीचं इंजिन ऑइल बदलल्यावर थोड्याच दिवसांत काजळीनं काळंकुट्ट होतं. सरांच्या गाडीची डिपस्टिक काढून पुसली तर शाई. क्रँकच्या सीलमधून गळलं असतं तर पुठ्ठ्यावर शाई पडली असती, मध नव्हे. शिवाय इंजिन ऑइलची पातळी दोन खुणांच्या मध्ये जशीच्या तशी. हायड्रॉलिक क्लचचं ब्रेक ऑइल असतं तर ते पाण्यात विरघळलं असतं. पुठ्ठ्याचा एक डाग खरवडून पाण्याच्या ग्लासात टाकला, तेल वर तरंगलं. कूलंट असतं तर रंग आणि चिकटपणा दोन्ही वेगळे. दहा मिनिटांचं काम, आणि निम्मे संशयित घरी गेले.

उरला गिअरबॉक्स. त्यातून तेल बाहेर यायच्या जागा मोजक्याच असतात: दोन्ही एक्सलची सीलं, इनपुट शाफ्टचं सील, खालचं ड्रेनचं बूच, बाजूचं लेव्हलचं बूच, दोन खोक्यांचा सांधा, गिअर शिफ्टचा दांडा जिथून आत जातो ते सील, रिव्हर्स लाइटचा स्विच, स्पीड सेन्सर आणि सगळ्यात वरचा ब्रीदर. ब्रीदर म्हणजे गिअरबॉक्सचं नाक. आतली हवा तापून फुगते तेव्हा ती जायला वाट हवी, नाहीतर दाब सीलांवर येतो. टोपी घातलेली बोटाएवढी नळी. बॅटरीखाली, धुळीत. तिच्याकडे कुणी बघत नाही, मीही बघत नव्हतो.

गाडी रॅम्पवर घेतली. खालून सगळं ओलं. बेल हाऊसिंग, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स जुळतात तो घंटेसारखा भाग, त्याच्या तळातून थेंब लोंबत होता. गिअरबॉक्सचं बूड ओलं. डाव्या एक्सलच्या सीलभोवती तेल आणि धूळ मिळून चिखल झालेला. क्रॉस मेंबरवर, म्हणजे खालच्या आडव्या तुळईवर, तेल. वाऱ्यानं मागे उडालेलं पार सायलेन्सरच्या कवचापर्यंत गेलेलं.

बेल हाऊसिंगच्या तळातून थेंब पडतोय म्हणून इनपुट सील, असं पहिल्या गॅरेजनं ठरवलं होतं. वरवर बघता बरोबर आहे. इनपुट सील बेल हाऊसिंगच्या आत असतं, ते फुटलं की तेल आत पडतं आणि खालच्या भोकातून बाहेर येतं. पण आत पडलेलं तेल क्लचला सोडत नाही. फ्लायव्हील, म्हणजे क्लच ज्यावर बसतो ते जड चाक, मिनिटाला हजारो फेरे फिरतं, ते तेल चहूकडे उडवतं, प्लेट भिजते, क्लच घसरायला लागतो किंवा गाडी उचलताना थरथरते. मी चौथ्या गिअरमध्ये तीस-पस्तीसच्या वेगाला चढावर ॲक्सिलरेटर दाबून बघितलं. इंजिनचा आवाज आणि गाडीचा वेग बरोबर चढले, घसरण नाही. मग क्लच फोर्कचं रबरी बूट सरकवून मोबाईलला जोडायचा एंडोस्कोप कॅमेरा आत घातला. स्वस्तातला आहे, चित्र जरा गढूळ येतं, पण कोरडं आणि ओलं यातला फरक दिसतो. आत कोरडी धूळ होती. नव्या प्लेटची राखाडी भुकटी, सगळीकडे सारखी बसलेली. ओघळ नाही, शिंतोडा नाही.

इनपुट सील गेलं असतं तर ही भुकटी चिखल झाली असती. तेव्हा गिअरबॉक्स परत खाली घ्यायची गरज नव्हती. सरांना हे सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा बघण्यासारखा होता.

आता माझी पाळी होती चुकायची.

क्लच करताना गिअरबॉक्स खाली घ्यायचा म्हणजे दोन्ही एक्सल ओढून काढावे लागतात. परत बसवताना एक्सलचा दांडा जरा तिरका गेला, त्याचे दाते सीलच्या ओठावर घासले, की सील कापलं जातं. क्लचच्या कामानंतर गिअर ऑइल गळायचं हे सगळ्यात नेहमीचं कारण. बिलात सील नव्हतं, म्हणजे जुनी सीलं तशीच ठेवून दांडे परत घुसवलेले. १ लाख ३८ हजार चाललेलं कडक रबर. डाव्या सीलभोवती चिखल होताच. सगळं जुळत होतं. मी सरांना छातीठोकपणे सांगितलं, "डावं एक्सल सील. सहाशे-सातशेत काम होईल. गिअरबॉक्स खाली न घेता." आणि सील मागवलं.

साताऱ्यात त्या नंबरचं सील मिळालं नाही, पुण्याहून यायला दोन दिवस लागणार होते. हे दोन दिवस नसते तर हे लिहायची वेळच आली नसती.

गाडी माझ्याकडेच होती आणि मला खालचा तो राडा बघवत नव्हता. सील बदलायचं तर जागा स्वच्छ हवीच. हाताखालच्या पोराला म्हटलं धुऊन टाक सगळं. रॉकेल आणि ब्रशनं घासून, मग साबणाचं पाणी, मग कंप्रेसरची हवा. अल्टरनेटर आणि सेन्सरचे कनेक्टर प्लॅस्टिकच्या पिशवीनं बांधून घेतले. बॅटरी आणि तिचा ट्रे काढला, तेव्हा गिअरबॉक्सचा वरचा भाग पहिल्यांदा दिसला. तोही ओला होता.

एक्सल सील खाली असतं. खालचं सील फुटून वरचा भाग ओला कसा होईल?

कौलारू घरात वाढलेल्याला हे शिकवावं लागू नये. आमच्या गावच्या घरात पावसाळ्यात देवघरात ठिबकायचं. आजोबा देवघरावरचं कौल कधीच काढायचे नाहीत. शिडी लावून आढ्याकडे जायचे, कारण कौल फुटायचं तिकडे, पाणी वाशावरून सरकत यायचं आणि वाशाला गाठ असेल तिथे थेंब सोडायचं. गाडीखाली हेच होतं. तेल वरून निघतं, फासळ्या आणि सांधे धरून उतरतं, आणि जिथे कोपरा मिळेल तिथे लोंबतं. ओली जागा म्हणजे भोक नव्हे. सगळ्यात वरची ओली जागा शोधायची असते, आणि मी सगळ्यात खालची धरून बसलो होतो.

सगळं कोरडं झाल्यावर टाल्कम पावडर मारली. घरात लावतात तीच, पिळायच्या बाटलीत भरून भोकातून फवारायची. गिअरबॉक्स वरपासून खालपर्यंत पांढराफेक, लग्नातल्या घोड्यासारखा. एक्सल सीलभोवती, सांध्यावर, दोन्ही बुचांवर, शिफ्टच्या दांड्यावर, ब्रीदरभोवती. पहिला थेंब जिथून निघेल तिथे पावडर भिजून तपकिरी रेघ उमटते, आणि ती रेघ उलटी चालत गेलं की उगम सापडतो. अल्ट्राव्हायोलेट दिव्याखाली चमकणारा रंग तेलात टाकायची पद्धतही आहे आणि ती जास्त पक्की आहे. माझ्याकडे तो दिवा नाही. मार्च महिना असल्यानं रस्ते कोरडे होते, पावडर चालणार होती. जुलैत यवतेश्वरला पावडर लावून जाणं म्हणजे पिठल्याची तयारी.

पहिली फेरी महामार्गानं. वाढे फाट्यावरून लिंबच्या दिशेनं, पुढे आणखी थोडं आणि परत, तीस किलोमीटर, ऐंशीच्या आसपास. परत येऊन बघितलं, पावडर कोरडी. एक्सल सीलवरची सुद्धा कोरडी. सील कापलेलं असेल तर दांडा फिरताना कुठल्याही रस्त्यावर गळणार. सपाट रस्त्यावर निदान ओलसरपणा तरी यायला हवा होता. तेव्हा मला कोरेगाव आठवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सरांनाच गाडी चालवायला लावली, मी शेजारी. ते जसे रोज जातात तसं. बोगद्यावरून यवतेश्वर, पुढे कासच्या रस्त्याला लागून शाळेपर्यंत, तिथे पाच मिनिटं थांबून परत. सर घाटात गाडी दुसऱ्या गिअरमध्ये धरून ठेवतात, तिसरा टाकत नाहीत. मी काही बोललो नाही. रोजचं दुखणं रोजच्या सवयीनंच बाहेर येतं.

गॅरेजला येऊन बॅटरी काढली. गिअरबॉक्सच्या वर पावडरीत एक रेघ होती. ब्रीदरच्या टोपीच्या कडेखालून निघालेली, करंगळीएवढी रुंद. पुढे दोन फाटे. एक बेल हाऊसिंगच्या सांध्याकडे जाऊन त्या खाचेतून थेट तळाला, पहिल्या गॅरेजला जिथे थेंब दिसला तिथे. दुसरा फासळीवरून डावीकडे घसरत एक्सल सीलच्या डोक्यावर, मला जिथे चिखल दिसला तिथे. सीलच्या वरच्या कडेची पावडर भिजलेली, ओठाभोवतीची खालची पावडर अजून पांढरी. आम्हा दोघांनाही तेलानं एकेक थेंब वाटून दिला होता.

आता प्रश्न असा की ब्रीदरमधून तेल का यावं? नाकातून हवा जावी, जेवण नव्हे. टोपी काढून तोंडानं फुंकर मारली, वाट मोकळी होती, त्यामुळे ब्रीदरचा दोष नव्हता. दुसरी शक्यता उरली: आत तेल जास्त आहे. गिअरबॉक्समध्ये तेल ठरलेल्या पातळीपर्यंतच भरायचं असतं, खालची चक्रं त्यात बुडून फिरतात आणि वरच्यांना शिंपडतात. पातळी वर गेली की जास्त चक्रं जास्त खोल बुडतात, तेल घुसळलं जातं, तापतं, फेस होतो. फेसाला जागा जास्त लागते. त्यात या गिअरबॉक्सचा ब्रीदर मागच्या अंगाला. चढावर गाडीचं नाक वर झालं की तेल मागे सरकतं, नेमकं ब्रीदरखाली. वीस-पंचवीस मिनिटं सलग चढ, इंजिन वरच्या फेऱ्यांवर, आणि तो फेस टोपीखालून बाहेर. कोरेगावच्या रस्त्याला यातलं काहीच घडत नाही.

हे खरं की खोटं ते लेव्हलचं बूच उघडलं की कळणार होतं. आणि ते बूच बघताच मला स्वतःचा राग आला.

बुचावर जुना चिखल होता. सुकलेला, तांबडा, अनेक पावसाळ्यांचा थर. ड्रेनच्या बुचावरही तसाच. पहिल्या दिवशी खालून बघताना मी तो बघितला होता, पोरानं धुताना तो ब्रशनं काढलाही होता, तरी खाचांत उरला होता. अडीच लिटर गिअर ऑइल भरल्याचं बिल आहे, आणि ज्या बुचातून जुनं काढायचं ते कुणी उघडलेलं नाही, ज्या बुचातून पातळी बघायची तेही नाही. मग तेल गेलं कुठून? वरून, स्पीड सेन्सर काढून त्याच्या भोकातून नरसाळ्यानं. आणि जुनं तेल? एक्सल ओढले तेव्हा त्या भोकांतून जेवढं आपोआप सांडलं तेवढं. भोकांच्या पातळीखालचं तसंच राहिलं, त्यावर अडीच लिटर नवं. मॅन्युअलमध्ये पूर्ण रिकाम्या गिअरबॉक्सला सव्वादोन लिटरच्या आसपास दिलेलं आहे.

बूच सहजासहजी सुटलं नाही. गंज सोडवणारं तेल मारून रात्रभर ठेवलं, सकाळी सहा कोनी सॉकेट बसवून वरून हातोडीचे दोन हलके ठोके दिले, मग लांब दांड्यानं हळूहळू. बारा कोनी पाना लावला असता तर कोपरे झिजून गोल झाले असते. गाडी चारही चाकांवर, सपाट जागेत, गार. हे महत्त्वाचं आहे, पुढून जॅकवर उचलून पातळी बघितली तर ती खोटी येते. बूच निघालं आणि तेल धारेनं आलं. बरोबर पातळी असती तर काठापर्यंत दिसलं असतं, फार तर दोन-चार थेंब. धार बराच वेळ चालली. पाण्याच्या रिकाम्या बाटलीत धरलं, ७०० मिली भरलं. महिनाभर फरशीवर आणि रस्त्यावर गळून गेलेलं वेगळं.

बूच नव्या वॉशरनं बसवलं. दुसरं काहीच केलं नाही. त्याच दुपारी पुण्याहून सील आलं.

पाकीट हातात घेऊन मी बराच वेळ उभा होतो. ते दोन दिवस आधी आलं असतं तर काय झालं असतं? मी एक्सल काढला असता, तेल सांडलं असतं. सील बदललं असतं. तेल पुन्हा भरताना मी मात्र लेव्हलचं बूच उघडून पातळीपर्यंतच भरलं असतं, कारण माझी तशी सवय आहे. गळती थांबली असती. आणि मी सरांना, पोराला आणि स्वतःला शपथेवर सांगितलं असतं की डावं सील गेलं होतं. पहिल्या गॅरेजनं गिअरबॉक्स खाली घेऊन इनपुट सील बदललं असतं आणि या वेळी तेल मोजून भरलं असतं, तर त्यांचंही तेच. एमआयडीसीवाला क्रँक सील बदलून गिअर ऑइल नीट भरता तर तोही बरोबर ठरला असता. तीन चुकीची निदानं, तिन्ही वेळा गळती बंद. मग मला प्रश्न पडला की आजवर मी "सील गेलं होतं" म्हणून ज्या गाड्या दिल्या, त्यातल्या किती खरंच सीलच्या होत्या? तो हिशोब आता लागणार नाही.

म्हणूनच सरांनी "आलंच आहे तर सीलही टाकून द्या, नंतर कटकट नको" म्हटलं तेव्हा मी नको म्हणालो. दोन गोष्टी एकदम बदलल्या की कशानं गुण आला ते कळत नाही. त्यांनी पटकन मान हलवली, विज्ञान शिकवतात. पुन्हा सगळं धुतलं, पावडर मारली, पुन्हा तोच घाट, तोच दुसरा गिअर. ब्रीदरभोवती पावडर कोरडी. सलग तीन दिवस सर शाळेतून येताना गॅरेजला थांबले, तिन्ही दिवस कोरडी. मग बॅटरीचा ट्रे बसवून गाडी दिली.

चौथ्या दिवशी फोन. "मिस्त्री, परत डाग पडलाय. तोंड दाखवायला जागा नाही ठेवली तुम्ही."

मी घरी गेलो. डाग होता, ओला, त्यात तेलाचा इंद्रधनुषी तवंग. वहिनी दारात हाताची घडी घालून. डाग बोटानं पुसला तर पाणी. त्या दिवशी ऊन कडक होतं, सरांनी येताना एसी लावला होता. एसीचं पाणी डावीकडच्या नळीतून क्रॉस मेंबरवर पडतं. तिथल्या खाचेत ब्रशही पोहोचला नव्हता, जुनं तेल उरलं होतं, ते पाण्याबरोबर फरशीवर आलं. एसी बंद ठेवून पुठ्ठा टाकायला सांगितला, दुसऱ्या दिवशी कोरा. क्रॉस मेंबरच्या खाचा मग तारेला चिंधी गुंडाळून साफ केल्या. वहिनींना हे सगळं समजावून सांगितलं, त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "पण ब्लॉकवरचा डाग कधी जाणार?" त्यावर कोरडं सिमेंट पसरून रात्रभर ठेवा, सकाळी झाडा, दोन-तीनदा करा, असं सांगितलं. फिकट झाला, गेला नाही.

पैसे: धुणं, तपासणी, वॉशर आणि बुचाची मेहनत मिळून ९०० रुपये घेतले. सील माझ्या खात्यात राहिलं, दुकानदार परत घेत नाही.

क्लच केलेल्या मिस्त्रीला मीच फोन केला. सरांना त्याच्याशी भांडायचं होतं, मी म्हटलं थांबा. काम त्यानं वाईट केलेलं नव्हतं. क्लच सरळ बसलेला, बोल्ट घट्ट, जुनी सीलं असूनही एक्सल इतक्या हलक्या हातानं घातलेले की ओठाला ओरखडा नाही. सगळं सांगितलं. तो जरा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "लेव्हलचं बूच जाम होतं ओ. पाना घसरायला लागला. गोल झालं तर गिऱ्हाईक आपल्याच बोकांडी बसतंय, म्हणून वरनं ओतलं. लिटरच्या तीन बाटल्या आणल्या होत्या, अडीच गेलं."

"आधी बूच खोलून बघायचं, मग गिअरबॉक्स उतरवायचा," मी म्हटलं. "नाही सुटलं तर गिऱ्हाइकाला तिथंच सांगायचं."

"सुटलं कसं तुमच्याकडनं?"

सहा कोनी सॉकेटचं सांगितलं. पुढच्या आठवड्यात तो स्वतः आला, चहा घेतला, आणि एका दिवसासाठी म्हणून सॉकेट घेऊन गेला. अजून परत आलेलं नाही.